सकाळची साखर रात्री ठरते : मधुमेहात झोप आणि जेवणाची घडी कशी बसवायची

मधुमेहाचं निदान झालं की हातात दोन कागद पडतात. एक गोळ्यांची चिठ्ठी आणि दुसरी काय खायचं, काय टाळायचं याची यादी. कधी खायचं आणि कसं झोपायचं, यावर त्यात फार तर एखादी ओळ असते. मग उपाशीपोटीची साखर १६० आली की माणूस रात्रीचं जेवण आणखी तोडतो. भुकेनं दोन वाजता जाग येते, अंधारात काहीतरी खाल्लं जातं आणि सकाळी आकडा १७२ असतो. औषध वाढतं, भीती वाढते, झोप आणखी उडते.

या फेऱ्यातून बाहेर पडायचं तर एक गोष्ट आधी पक्की करा. उपाशीपोटीचा आकडा एकटा वाचायचा नसतो. झोपताना साखर किती होती आणि पहाटे तीनला किती होती, हे दोन आकडे शेजारी असल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या यावरच उभ्या आहेत.

हा लेख मुख्यतः टाइप २ मधुमेह असलेल्या प्रौढांसाठी आहे. टाइप १ असेल, गरोदरपण असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा वय बरंच झालेलं असेल, तर पायऱ्या त्याच, पण आकडे वेगळे असतात. ते तुमच्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. गोळी किंवा इन्सुलिनचा डोस या लेखाच्या भरवशावर बदलू नका. इथले सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये आहेत. तुमचं यंत्र मिलिमोल दाखवत असेल, तर इथल्या आकड्याला १८ नं भागा. ७० म्हणजे ३.९.

सुरू करण्याआधी हाताशी काय हवं

- ग्लुकोमीटर आणि मुदत न संपलेल्या किमान ४० पट्ट्या
- एक वही. मोबाइल चालेल, पण रात्री तीनला मोबाइल उघडला की झोप जाते, म्हणून वहीच बरी
- ग्लुकोजच्या गोळ्या किंवा ग्लुकोज पावडर
- शिवणकामाची टेप (का, ते पायरी ६ मध्ये)
- सगळ्या औषधांची यादी, प्रत्येकीसमोर घेण्याची खरी वेळ. चिठ्ठीवरची नव्हे, तुम्ही प्रत्यक्ष घेता ती
- शेवटचे एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि बी१२ जीवनसत्त्वाचे अहवाल

पायरी १ : सात दिवस काहीही न बदलता नोंद ठेवा

नवखा माणूस इथेच सर्वांत जास्त चुकतो. वही आणली की त्या दिवसापासून तो शहाण्यासारखा जेवायला लागतो, आणि त्या आठवड्याची नोंद त्याच्या खऱ्या आयुष्याची राहत नाही. हे सात दिवस नेहमीसारखेच जगा.

रोज लिहायचं ते एवढंच: रात्रीचं जेवण संपल्याची वेळ, त्यात पिष्टमय पदार्थ किती होता (कप किंवा मूठ, जे मोजता येईल ते), जेवणानंतर दोन तासांची साखर, झोपतानाची साखर, अंथरुणावर पडल्याची वेळ, किती वेळा जाग आली आणि कशामुळे, उठल्याची वेळ, उठल्यावरची साखर. दिवसा डुलकी काढली असेल तर किती वाजता आणि किती वेळ, तेही.

दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, शेवटच्या घासापासून नव्हे. साबणानं हात धुऊन, पूर्ण कोरडे करून मगच टोचा. नुकतंच फळ कापलेल्या बोटावर राहिलेला रसाचा अंश आकडा सहज फुगवतो. बोटाच्या मधोमध न टोचता कडेला टोचा, तिथे दुखतं कमी. आणि मीटरकडून तोळ्या-मासाच्या अचूकतेची अपेक्षा ठेवू नका. मान्यताप्राप्त मीटरलाही १०० च्या वर सुमारे १५ टक्के इकडे-तिकडे जायची मुभा असते. काल ११८ आणि आज १२७ यात फरक नाही. एकेका आकड्यावर रात्र काळजीत घालवण्याऐवजी तीन-चार दिवसांचा कल बघा.

प्रयोगशाळेत उपाशीपोटी तपासणीला जाताना याच नोंदीचा उपयोग होतो. किमान आठ तास काही खाल्लेलं नसेल तरच ती तपासणी उपाशीपोटीची ठरते. रात्री एकला खाल्लं आणि सहाला रक्त दिलं, तर तो अहवाल डॉक्टरांची दिशाभूल करतो.

पायरी २ : सकाळचा आकडा का वाढतो ते शोधा

सात दिवसांनंतर एका आठवड्यात कोणत्याही तीन रात्री निवडा. लागोपाठ नकोत. प्रत्येक रात्री तीन वेळा मोजायचं: झोपताना, पहाटे तीनला आणि उठल्याबरोबर. मीटर, पट्टी, सुई, कापूस आणि पेन रात्रीच एका ताटलीत मांडून उशाशी ठेवा. मोठा दिवा लावायची गरज पडता कामा नये, मंद दिवा पुरे. हाताला खाण्याचं काही लागलेलं नसेल तर उठून हात धुवायचीही गरज नाही, फक्त रक्ताचा पहिला थेंब पुसून दुसरा पट्टीला लावा.

समजा, चार वेगवेगळ्या माणसांच्या वह्यांत असे आकडे आले:

- पहिला: झोपताना १३०, तीनला १२६, उठल्यावर १६५
- दुसरा: झोपताना २१०, तीनला १९०, उठल्यावर १७०
- तिसरा: झोपताना १२०, तीनला ६२, उठल्यावर १५५
- चौथा: झोपताना १३५, तीनला १६०, उठल्यावर १८८

उठल्यावर चौघांचीही साखर वाढलेलीच आहे. उपाय मात्र चौघांचे वेगळे, आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर धोका आहे.

पहिल्याला पहाटेची वाढ म्हणतात. पहाटे तीन-चारपासून शरीर उठायची तयारी करतं. वाढीचं संप्रेरक आणि कॉर्टिसॉल चढू लागतात, यकृत साठवलेलं ग्लुकोज रक्तात सोडतं. मधुमेह नसलेल्या माणसात तेवढंच इन्सुलिन सुटतं आणि काही कळतही नाही. मधुमेहात ती भरपाई तोकडी पडते. अशा माणसानं रात्रीचं जेवण कितीही तोडलं तरी फारसा फरक पडत नाही, कारण ही साखर ताटातली नाही, यकृतातली आहे. उपाशी झोपूनही सकाळी साखर वाढलेली का, या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा हेच असतं.

दुसऱ्याची साखर रात्रभर उतरतेच आहे, फक्त सुरुवातच उंचावरून झाली. इथे रात्रीचं जेवण बघायचं. वेळ आणि प्रमाण, दोन्ही.

तिसरा सर्वांत महत्त्वाचा. तीनला ६२ म्हणजे हायपो, साखर धोक्याच्या खाली गेली. सकाळचा १५५ बघून कुणी त्याचं रात्रीचं औषध वाढवलं, तर पुढच्या रात्री ती ६२ च्याही खाली जाईल. हायपोनंतर प्रतिक्रिया म्हणून सकाळी साखर उसळणं हे पूर्वी मानलं जायचं तितकं सर्रास घडत नाही, पण मोजल्याशिवाय ते नाही असं म्हणता येत नाही. असा आकडा एकदा जरी आला, तरी पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना कळवा.

चौथ्याची साखर रात्रभर चढते आहे. रात्रीचं औषध पहाटेपर्यंत पुरत नाही, किंवा तेलकट, जड जेवण उशिरा झालं आहे. स्निग्ध पदार्थ पोट रिकामं व्हायला वेळ लावतात, म्हणून अशा जेवणाची साखर दोन तासांनी साधी दिसते आणि चार-पाच तासांनी वर येते.

शरीरावर चिकटवायचा सेन्सर वापरत असाल तर हे काम सोपं होतं, पण त्यात एक हमखास फसवणूक आहे. सेन्सर असलेल्या दंडावर झोपलात की तिथल्या पेशी दाबल्या जातात आणि सेन्सर खोटी कमी साखर दाखवतो. आलेखात रेषा एकदम खाली कोसळते आणि कूस बदलली की तशीच झटकन वर येते. खरा हायपो सहसा इतका ताठ उतरत नाही. शंका आली तर बोट टोचून खात्री करा. अंगाला घाम, थरथर असेल तर मात्र आधी ग्लुकोज घ्या, खात्री नंतर.

पायरी ३ : रात्रीच्या जेवणाची वेळ आणि ताट

जेवण आणि झोप यात किमान तीन तासांचं अंतर ठेवा. रात्र झाली की शरीरात मेलॅटोनिन चढतं. ते झोप आणतं आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटणं मंदावतं. म्हणून तेच अन्न संध्याकाळी साडेसातला आणि रात्री साडेदहाला सारखं वागत नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, स्पेनमधल्या ८४५ प्रौढांच्या अभ्यासात झोपेच्या चार तास आधी आणि एक तास आधी ग्लुकोज देऊन तुलना केली होती. उशिरा घेतलं तेव्हा इन्सुलिन कमी सुटलं आणि साखर जास्त वर गेली.

कामामुळे तीन तास जमत नसतील तर जेवण दोन भागांत करा. धान्याचा भाग संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास आणि घरी आल्यावर भाजी, प्रथिनं आणि सूप यांचं हलकं जेवण. यात एक अट आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन किंवा जेवणाबरोबरची गोळी चालू असेल, तर ती कोणत्या भागाबरोबर घ्यायची हे आधी विचारून घ्या. मिश्र इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय करूच नये. सुई टोचून घेतली आणि ‘आज भूक नाही’ म्हणून तसंच झोपलं, ही रात्रीच्या गंभीर हायपोची नेहमीची कहाणी आहे.

ताटाची मांडणी सोपी आहे: अर्धं ताट पिष्ट नसलेल्या भाज्या, पाव ताट प्रथिनं (कडधान्यं, अंडी, मासे, पनीर, जे तुम्ही खाता ते), पाव ताट धान्य. बटाटा आणि मका भाजीत नव्हे, धान्यात मोजा. खाण्याचा क्रमही बदलून बघा. आधी भाजी आणि प्रथिनं, धान्य शेवटी. त्याच ताटातल्या त्याच अन्नाची जेवणानंतरची साखर या क्रमानं कमी चढते. यासाठी काहीच सोडावं लागत नाही, म्हणून नवख्या माणसानं सुरुवात इथूनच करावी.

जेवणानंतर दहा मिनिटं चाला. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ जणांवर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, दिवसातून एकदा कधीही तीस मिनिटं चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटं चालल्यानं जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर हा फरक २२ टक्के होता. रात्रीचं जेवण बहुधा सर्वांत मोठं असतं आणि त्यानंतर माणूस सर्वांत कमी हलतो, म्हणून तिथे लाभ जास्त.

आणि सकाळची न्याहारी टाळू नका. न्याहारी टाळली की दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणानंतरची साखर जास्त चढते, आणि दिवसभराची भूक रात्री वसूल होते. रात्रीचं खाणं आवरत नाही अशी तक्रार असेल तर आधी सकाळ आणि दुपार तपासा.

पायरी ४ : झोपण्याआधी काही खायचं का?

बहुतेकांना गरज नसते. फक्त मेटफॉर्मिन, ग्लिप्टिन गटातली किंवा ग्लिफ्लोझिन गटातली गोळी चालू असेल, तर रात्री साखर धोक्याइतकी उतरण्याची शक्यता फार कमी आहे. ‘मधुमेह आहे म्हणून झोपताना दूध-बिस्किटं’ ही सवय अशांची सकाळची साखर विनाकारण वाढवते.

गरज असू शकते ती इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांपैकी गोळी घेणाऱ्यांना. त्यांनी झोपताना मोजावं. आकडा १०० च्या खाली असेल तर साधारण १५ ग्रॅम कर्बोदकं आणि थोडी प्रथिनं एवढं खाऊन झोपावं. नुसतं गोड नको, ते तासाभरात संपतं. रोजच आकडा १०० च्या खाली येत असेल तर रोज खात बसणं हा उपाय नव्हे. तिथे औषध जास्त होतं आहे, ते कमी करण्याबद्दल बोला. औषधाच्या पोटात अन्न भरत राहिलं की वजन वाढतं आणि वजनाबरोबर पुन्हा औषध.

पायरी ५ : रात्रीच्या हायपोची तयारी

जागेपणी हायपो झाला तर हात थरथरतात, छाती धडधडते, भूक लागते आणि माणूस सावध होतो. झोपेत ते कळत नाही. सकाळी मिळतात त्या खुणा: घामानं भिजलेली उशी, भयंकर स्वप्नं, उठल्यावर डोकेदुखी, अर्धवट गुंगी, विनाकारण चिडचिड. शेजारी झोपणाऱ्याला हे आधी कळतं, म्हणून त्यांनाही हा भाग वाचायला द्या. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर धडधड जाणवत नाही. घाम मात्र येतो, तेवढी खूण लक्षात ठेवा.

साखर ७० च्या खाली असेल तर:

- १५ ग्रॅम ग्लुकोज लगेच. बहुतेक गोळ्या ४ ग्रॅमच्या असतात, म्हणजे चार. पाकिटावरचं वजन दिवसाच वाचून ठेवा. गोळ्या नसतील तर साखरेचे चार सपाट चमचे पाण्यात, किंवा १२० ते १५० मिलिलिटर फळांचा रस.
- १५ मिनिटं थांबा आणि पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा १५ ग्रॅम.
- ७० च्या वर आली आणि पुढचं जेवण लांब असेल, तर थोडं धान्य आणि प्रथिनं खाऊनच झोपा.

चॉकलेट, आइस्क्रीम, बिस्किटं इथे कामाची नाहीत. त्यांतला स्निग्ध भाग साखर पोहोचायला उशीर लावतो. अकार्बोज किंवा वोग्लिबोज चालू असेल तर घरातली साखरही चालत नाही. ही औषधं साखरेचं विघटनच अडवतात. अशांनी शुद्ध ग्लुकोजच उशाशी ठेवावं.

माणूस बेशुद्ध असेल किंवा गिळू शकत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जाईल. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा. घरात ग्लुकागॉन (साखर झटकन वाढवणारं औषध) असेल आणि ते देणं शिकून घेतलेलं असेल तर द्या. ५४ च्या खाली गेलेली साखर, बरं वाटलं तरी, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगायचीच.

दोन रात्री विशेष सांभाळायच्या. एक, संध्याकाळी नेहमीपेक्षा जास्त व्यायाम झाला ती. स्नायू आपला रिकामा झालेला साठा पुढचे कित्येक तास रक्तातून भरत राहतात, म्हणून साखर मध्यरात्रीनंतरही घसरते. दुसरी, मद्य घेतलेली. मद्य पचवण्यात गुंतलेलं यकृत नवं ग्लुकोज बनवू शकत नाही, आणि हायपोची लक्षणं आजूबाजूच्यांना नशेसारखीच दिसतात. इन्सुलिन किंवा वर सांगितलेल्या गोळ्या घेणाऱ्यांनी रिकाम्या पोटी मद्य घेऊ नये, आणि त्या रात्री तीनचा गजर लावावा.

एनपीएच या मध्यम काळ टिकणाऱ्या इन्सुलिनचा जोर टोचल्यानंतर साधारण चार ते दहा तासांत असतो. रात्री आठला टोचलं तर तो जोर नेमका गाढ झोपेत येतो. तीनला साखर उतरते आणि सकाळी चढते असं दिसत असेल, तर ते जेवणाऐवजी झोपताना घ्यावं का, हा डॉक्टरांना विचारण्यासारखा नेमका प्रश्न आहे.

पायरी ६ : झोप कशानं मोडते ते एकेक करून शोधा

अपुरी झोप म्हणजे नुसता थकवा नव्हे. १९९९ साली शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, आणि तेवढ्यातच त्यांच्या शरीराची ग्लुकोज हाताळण्याची क्षमता ठळकपणे घटली. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन चढतं, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन उतरतं, आणि दुसऱ्या दिवशी गोड-तळलेल्याकडे हात जातो. त्याला मनाचा दुबळेपणा समजून स्वतःला बोल लावू नका. २०२२ साली अमेरिकी आणि युरोपीय मधुमेह संघटनांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शनात झोपेला हालचाल-व्यायामाच्या बरोबरीनं स्थान मिळालं, ते याचमुळे.

लघवीसाठी उठावं लागत असेल तर आधी झोपतानाचा आकडा बघा. रक्तातली साखर सुमारे १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीत सोडतात आणि साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. अशा वेळी पाणी कमी पिणं हा उपाय नव्हे, साखर उतरवणं हा उपाय. आकडा ठीक असूनही दोन-तीनदा उठावं लागत असेल तर औषधांच्या वेळा बघा. एम्पाग्लिफ्लोझिन, डापाग्लिफ्लोझिन किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी रात्री घेतली जात असेल, तर ती सकाळी घेता येईल का ते विचारा. कित्येकांची रात्र एवढ्या एका बदलानं सुधारते. लघवी करताना जळजळ असेल तर संसर्गाची तपासणी करा. पुरुषांत प्रोस्टेटचीही.

घोरण्याकडे हसण्यावारी बघू नका. टाइप २ मधुमेहात, विशेषतः वजन जास्त असताना, झोपेत श्वास अडकण्याचा विकार म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया फार आढळतो, आणि बहुतेकांना तो आहे हे माहीतच नसतं. श्वास अडकला की ऑक्सिजन उतरतो, शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलिन सोडतं, साखर आणि रक्तदाब दोन्ही चढतात. हे रात्रीतून कित्येकदा होतं. आता ती टेप काढा. पुढच्या आठ प्रश्नांना हो किंवा नाही लिहा:

- बंद दारातून ऐकू जाईल इतकं घोरता का?
- दिवसा थकवा, झोप येते का?
- झोपेत श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का?
- रक्तदाब आहे का?
- बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) ३५ च्या वर आहे का?
- वय ५० च्या वर आहे का?
- मानेचा घेर ४० सेंटिमीटरहून जास्त आहे का?
- पुरुष आहात का?

तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर डॉक्टरांना दाखवा, पाच किंवा जास्त असतील तर झोपेची तपासणी लवकर करून घ्या. ती आता घरीही करता येते. सीपॅप यंत्र (मुखवट्यातून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणारं) लागलं तर पहिले काही दिवस मुखवटा त्रास देतो. बहुतेक वेळा मापाचा किंवा पट्टा जास्त आवळल्याचा दोष असतो, मुखवटा बदलून घ्या, यंत्र माळ्यावर टाकू नका. सीपॅपनं साखर हमखास उतरेल असं सांगता येत नाही. दिवसाची गुंगी जाते, रक्तदाबाला मदत होते, आणि चालायला, स्वयंपाक करायला अंगात त्राण येतं. अ‍ॅप्निया असताना झोपेच्या गोळ्या आणि मद्य घेतल्यानं श्वास आणखी अडकतो.

तळपायांची आग, मुंग्या, टोचणी रात्री वाढत असेल तर नसांना इजा झालेली असू शकते. त्यावर वेगळी औषधं आहेत, सोसत बसू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासा, त्याच्या कमतरतेची लक्षणं हुबेहूब अशीच असतात. गरम पाण्याची पिशवी पायाशी घेऊन मात्र झोपू नका. संवेदना कमी झालेल्या पायाला भाजलेलं कळत नाही आणि सकाळी फोड दिसतो. पाय सतत हलवावेसे वाटत असतील, हलवल्यावर बरं वाटत असेल, तर तो वेगळा विकार आहे. तिथे लोहाचा साठा, म्हणजे फेरिटिन, तपासायला सांगा.

छातीत जळजळ होऊन जाग येत असेल, तर पायरी ३ मधलं तीन तासांचं अंतर हाच पहिला उपाय. सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, त्यामुळे ती घेणाऱ्यांना उशिराचं जेवण जास्त जड जातं.

मध्यरात्री उठून खाल्ल्याशिवाय पुन्हा झोप येत नसेल, आठवड्यातून दोन-तीनदा तरी असं होत असेल, तर ते लपवू नका. आधी त्या वेळची साखर मोजा, कारण ती हायपोची भूकही असू शकते. साखर ठीक असेल तर हा रात्री खाण्याचा विकार असू शकतो. त्याचं वर्णन वैद्यकात १९५५ पासून आहे आणि त्यावर उपचार होतात.

पायरी ७ : झोपेची वेळ

सात ते नऊ तास हे प्रौढांसाठीचं लक्ष्य आहे. सुरुवात झोपायच्या वेळेपासून करू नका, उठायच्या वेळेपासून करा. उठायची वेळ रोज एकच ठेवा, सुट्टीच्या दिवशीही फार तर तासाभराचा फरक. उठल्यावर उजेडात या. दुपारची डुलकी वीस-तीस मिनिटांची, तीनच्या आत. कॅफिनचा निम्मा अंश शरीराबाहेर जायला पाच-सहा तास लागतात, म्हणून चहा-कॉफी दुपारनंतर बंद. डॉक्टरांनी प्रेडनिसोलोनसारखं स्टेरॉइड दिलं असेल तर ते सकाळी घेण्याबद्दल विचारा. ते झोप उडवतं आणि साखरही चढवतं.

तीन महिन्यांहून जास्त काळ झोप लागत नसेल तर गोळीआधी निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धती विचारा, तिचा परिणाम टिकतो. झोपेच्या गोळीच्या गुंगीत हायपोची जाग येत नाही, हे इन्सुलिन घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

पायरी ८ : रात्रपाळी असेल तर

मुख्य जेवण पाळीला जाण्याआधी घ्या. मध्यरात्र ते सहा या वेळेत मोठं जेवण टाळा, लागलंच तर प्रथिनं आणि भाज्यांचं थोडं. वहीत ‘सकाळ-रात्र’ असं न लिहिता ‘झोपेआधी-झोपेनंतर’ असं लिहा, नाहीतर डॉक्टरांना आकडे उलगडत नाहीत. प्रत्येक औषधाबद्दल एक प्रश्न विचारा: हे घड्याळाशी बांधलेलं आहे की जेवणाशी? दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन सहसा घड्याळाशी असतं, पाळी बदलली तरी तास तोच. जेवणाबरोबरच्या गोळ्या जेवणाबरोबर सरकतात. पाळी बदलल्यानंतरचे पहिले दोन दिवस नेहमीपेक्षा जास्त वेळा मोजा.

डॉक्टरांकडे जाताना

वही तशीच पुढे करू नका, दहा मिनिटांच्या भेटीत ती कोणी वाचत नाही. एका पानावर एवढं लिहून न्या: तीन रात्रींचे नऊ आकडे, रात्रीच्या जेवणाची आणि झोपेची नेहमीची वेळ, रात्री किती वेळा जाग येते आणि का, घोरण्याच्या आठ प्रश्नांत किती ‘हो’, औषधं आणि ती घेण्याच्या खऱ्या वेळा, ७० च्या खाली गेलेली प्रत्येक नोंद तारखेसह. त्याखाली तुमचे प्रश्न, तीनच. झोपताना माझा आकडा किती हवा? कोणत्या आकड्याखाली मी खाऊन झोपू? कोणत्या आकड्यावर मी तुम्हाला त्याच रात्री फोन करू? उत्तरं तिथेच, त्याच पानावर लिहून घ्या आणि ते पान ग्लुकोजच्या गोळ्यांशेजारी ठेवा.